लेफ्ट बॅकची जागा

शनिवार, ११ ऑगस्ट १९७३
नवा मोसम, नवी वही. संकल्प: सिगारेट फक्त मॅचनंतर. बिअर फक्त मॅचनंतर. कुणाचाही तिरस्कार करायचा नाही, बॉसचासुद्धा.

दुपारी तिसरा संकल्प मोडला. नोटीस बोर्डवर पहिली टीम लागली. लेफ्ट बॅक: जी. पार्किन. कॅल्डरबेक टाउनचा लेफ्ट बॅक म्हणजे क्लिफर्ड ॲक्रॉइड, हे या गावात बारा वर्षं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि हा ग्लेन पार्किन कोण? वय एकोणीस. केस खांद्यापर्यंत. अंगाला अत्तर. लेफ्ट बॅकच्या अंगाला चिखलाचा वास यायला हवा, फार तर मालिशच्या तेलाचा. शी!

बॉसला विचारलं. बॉस म्हणजे मॅनेजर, मिस्टर गिलफिलन, स्कॉटिश माणूस, तोंडात कायम पेपरमिंट. म्हणाला, क्लिफ, तू चौतीसचा झालास. आणि दुसरं पेपरमिंट सोललं. माझा अंदाज, मोठ्या मॅचेससाठी मला जपून ठेवतोय. तसं असेल तर ठीक आहे. माझी एकच इच्छा राहिलीय. एकदा कपची फायनल खेळायची, वेम्ब्लीच्या हिरवळीवर. तिथे जपलेले पाय कामाला येतील.

शनिवार, २५ ऑगस्ट
टीम ३–० जिंकली. समोरचे आजारी दिसत होते.

मी त्याच वेळी रिझर्व्ह टीमकडून मागच्या मैदानावर. प्रेक्षक: थोडे पेन्शनर आणि एक कुत्रं. हाफ टाइमला कुत्रं उठून गेलं. घरी सांगितलं तर मॉरीन म्हणाली, कुत्र्यांना कळतं. माझ्या बायकोला फुटबॉलमधलं काही कळत नाही. तिच्या माहेरी सगळे रग्बीवाले.

मंगळवार, ११ सप्टेंबर
ड्रेसिंग रूममध्ये केस वाळवायचं मशीन आलंय! पार्किनचं. आंघोळ झाली की घूं घूं सुरू. पोरं रांग लावून उभी. त्या रांगेत आमचा कॅप्टन ॲल्बी स्टोक्सही होता. त्याला टक्कल आहे. विचारलं, तू काय वाळवतोस? म्हणाला, कान.

किळस आली. सिडकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो. सिड मॉसॉप आमचा जुना ट्रेनर. कुणाचं नडगीचं हाड दुखावो की कुणाची शुद्ध हरपो, सिडचा इलाज एकच, बादलीतल्या गार पाण्याचा स्पंज. वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तर म्हणतो, ओल्या केसांनी सर्दी होते रे, वाळवू देत बिचाऱ्यांना. फितूर!

शुक्रवार, २१ सप्टेंबर
बस्स झालं. ट्रान्सफर मागितली. योजना साधी आहे. मी निघालो म्हटल्यावर बॉस हातापाया पडणार, मी जरा आढेवेढे घेणार, मग पुढच्या शनिवारी पहिल्या टीममध्ये. मॉरीन म्हणाली, आणि नाही पडला हातापाया तर? काही बायकांना वाईटच सुचतं.

सायंकाळी: बॉसने अर्ज मंजूर केला. मी अजून खुर्चीत टेकलोही नव्हतो. पेनचं टोपण आधीच काढलेलं होतं. माणूस आतून हलला असणार. दुःख झालं की काही लोक अशी घाई करतात.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर
एकाही क्लबचा फोन नाही. आमचा फोनच बिघडला असावा म्हणून मॉरीनला कोपऱ्यावरच्या बूथमधून फोन करायला लावला. वाजला. उचलला. म्हणाली, हॅलो, मिलानच्या क्लबकडून बोलतेय, येताना कांदे आणू का?

या घरात कुणाला कशाचं गांभीर्य नाही.

शनिवार, ३ नोव्हेंबर
बॉसने शेवटी तीन महिन्यांसाठी उसना दिला. सॉल्टबी रोव्हर्सना. चौथ्या डिव्हिजनचा तळ. त्याच्या खाली फक्त समुद्र, तोही मैदानाला लागूनच.

मिसेस ऑटरशॉ नावाच्या बाईकडे राहतोय. सकाळी किपर, म्हणजे धुरी दिलेली मासळी. रात्री तीच, गार. पलंग दमट, चादर दमट, बाईचा स्वभाव दमट. उशीलाही मासळीचा वास. माझ्या आधी या खोलीत किपरच भाड्याने राहत असावा.

मैदान एका बाजूला उतरतं. चेंडू एका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि टीमही त्याच्या मागोमाग.

बुधवार, २१ नोव्हेंबर
बॉसचा फोन. मिसेस ऑटरशॉ जिन्यात उभी राहून ऐकत होती. बॉस म्हणाला, शनिवारी सॉल्टबीची कपची पहिली फेरी आहे, त्यात अजिबात खेळायचं नाही. नियम मला पाठ आहे, तरी त्याने म्हणून दाखवला: एका मोसमात कपमध्ये एका खेळाडूने एकाच क्लबकडून खेळायचं. सॉल्टबीकडून उतरलास तर कॅल्डरबेककडून उतरता येणार नाही. आपली फेरी जानेवारीत. पार्किनला काही झालं तर मला तू लागशील.

म्हणजे मी स्टेपनी!

बाकीचा किपर तसाच टाकला. खरं कारण लहान मुलालाही कळेल. शनिवारी मी चमकलो, पेपरात नाव आलं, की बॉसचं हसं होणार. घाबरलाय. आणि कॅल्डरबेक कपमध्ये काय दिवे लावणार आहे? आम्ही दरवर्षी जानेवारीत गाशा गुंडाळतो. कुठल्या फायनलसाठी मी पाय राखून ठेवू?

सॉल्टबीच्या मॅनेजरने विचारलं, तुझ्या बॉसची परवानगी आहे ना? म्हटलं, आहे तर.

शनिवार, २४ नोव्हेंबर
ग्रिमली कॉलिअरी ३, सॉल्टबी १. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची टीम! त्यांचा राइट विंगर, म्हणजे कडेने पळणारा, मी अडवायचा तो, माझ्याहून थोराड, पोट सुटलेलं, पहाटेची पाळी करून आलेला, कानात कोळसा. माझ्या बाजूने गेला. पुन्हा गेला. वारा त्याच्या बाजूने होता. हाफ टाइमनंतर दिशा बदलली तरी वारा त्याच्याच बाजूने. जाता जाता म्हणतो, सॉरी हं आजोबा.

हात दाखवून अवलक्षण. पण पेपरात नाव आलंच. स्वयंगोल: ॲक्रॉइड.

शनिवार, ५ जानेवारी १९७४
तीन महिने व्हायच्या आधीच सॉल्टबीने परत पाठवला. मासळीपासून सुटका. बॉसने तिथलं काही विचारलं नाही. मीही आपणहून कशाला सांगू? मॅनेजर माणसाने पेपर वाचावा.

आज कपची तिसरी फेरी. जिंकलो. म्हणजे ते जिंकले. नशीब, दुसरं काय.

घरात वीज नाही. खाणवाल्यांनी जादा पाळ्या बंद केल्यात, म्हणून देशभर अंधार. खाणवाले सगळीकडून माझ्याच मुळावर उठलेत.

शनिवार, २६ जानेवारी
चौथी फेरीही जिंकले. गोल कसा झाला? चेंडू त्यांच्याच बॅकच्या ढुंगणावर आपटून आत गेला. याला फुटबॉल म्हणतात! गावाला मात्र वेड लागलंय. खाटकाने दुकानाच्या खिडकीत डुकराच्या मुंडक्याला क्लबचा स्कार्फ गुंडाळून ठेवलाय. ओकारी आली. ते मुंडकं हुबेहूब पार्किनसारखं दिसतं, असं मॉरीनला दाखवलं. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, नाही रे, नाक तुझं आहे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
प्रॅक्टिसमध्ये पार्किनचा घोटा मुरगळला. वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, चहा येईपर्यंत.

बॉस म्हणाला, क्लिफ, शनिवारी तू.

कपची पाचवी फेरी! घरी येऊन बुटांना चरबी लावली. मॉरीन म्हणाली, आधी जेवून घे, बूट पळत नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तूही नाहीस. पण हसली, आणि मटण पायमध्ये, म्हणजे मांस भरून भाजलेल्या पेस्ट्रीत, जादा मांस घातलं.

सॉल्टबीचं मनात आलं. पण त्या मॅचला कपची मॅच म्हणायची तरी कशी? तिला तर कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. समुद्राकाठचं कोण मोजतंय.

गुरुवार, १४ फेब्रुवारी
मोजतात.

ऑफिसात मिस पिलिंग आहेत, क्लबच्या टायपिस्ट, सत्तरीच्या. शनिवारची नावं टाइप करता करता थांबल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, क्लिफ, बाळा, तू सॉल्टबीकडून कप खेळलास ना? माझी बहीण तिथेच असते. तिने सांगितलं, किती छान मारलास म्हणे, पण आपल्याच गोलमध्ये.

कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बॉसने तोंडातलं पेपरमिंट कडाकड चावलं. मग हळू आवाजात म्हणाला, क्लिफ, मी तुला एकच काम सांगितलं होतं. तेही काही करायचं नव्हतं, नुसतं खेळायचं नव्हतं. तेवढंही तुला जमलं नाही.

मी म्हणालो, नियमच मूर्ख आहे. आहेच मूर्ख. बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. एरवीही खेळता आलं नसतंच.

बुधवार, २० फेब्रुवारी
शनिवारी बरोबरी झाली, म्हणून आज पुन्हा मॅच. विजेची बोंब असल्याने फ्लडलाइट बंद, मॅच भर दुपारी. गावातल्या निम्म्या आज्या आजच वारल्या. गिरणीत रजेच्या अर्जांवर तसंच लिहिलंय. मॉरीन काम करते त्या दुकानाची मालकीणही स्वतःच्या आजीला पोचवायला आली होती, हातात मॅचला वाजवायचा लाकडी खुळखुळा घेऊन.

माझ्या जागी एका विंगरला उभा केला होता. ज्याला मागे पळायचं माहीत नाही असा विंगर. ॲल्बीने त्याच्या वाटणीचंही सगळं डोक्याने परतवलं. जिंकले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्याही गळ्यात कुणीतरी पडला आणि त्याचा अर्धा मटण पाय माझ्या कोटावर सांडला. वैताग.

शुक्रवार, १ मार्च
लंडनच्या फुटबॉल असोसिएशनला लिहिलं होतं, की बारा वर्षांची सेवा पाहता नियमाला अपवाद करावा. आज उत्तर आलं. दोन ओळी. दुसरी ओळ फक्त सही. इतक्या थोड्या शब्दांत म्हणजे नक्कीच त्यांच्यात मतभेद असणार. पुन्हा लिहीन.

मंगळवार, ५ मार्च
आज जे झालं त्याला माझा इलाज नव्हता. पार्किन बरा झालाय. शनिवारी सहावी फेरी, आणि समोरचा विंगर देशातला सगळ्यात वेगवान. प्रॅक्टिस संपल्यावर पार्किन माझ्याकडे आला, केस न वाळवता. म्हणाला, मिस्टर ॲक्रॉइड, त्याला कसं धरायचं? बाकीचे मला क्लिफ म्हणतात. हा मिस्टर म्हणाला.

मी म्हणालो, बॉसला विचार. आणि निघालो. फाटकापर्यंत गेलो. मागे वळून बघतो तर मूर्ख पोरगा एकटाच चिखलात उभं राहून काल्पनिक विंगरला अडवत होता, तेही चुकीच्या पायाने. ते बघवेना. परत गेलो. म्हटलं, अरे, त्याच्या पायांकडे काय बघतोस, बायकोचे आहेत का? चेंडूकडे बघ. त्याला आत येऊ द्यायचं नाही. बाहेर, बाहेर, पार लाइनपर्यंत ढकलत न्यायचं. त्याच्याबरोबर पळायला जायचं नाही, तो जिथे जाणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं.

मीच विंगर झालो. तो मला अडवत राहिला. अंधार पडेपर्यंत. एकदाही त्याच्या बाजूने जाता आलं नाही. माझा अंगठा अजून दुखतोय म्हणून.

शनिवार, ९ मार्च
जिंकले. विंगर दिवसभर लाइनपाशी. कॅल्डरबेकला आज खऱ्या अर्थाने कुणी जिंकवलं हे जाणकारांना कळलं असेल. पेपरात पार्किनचा फोटो. माझा नाही. पेपर बंद केला.

शनिवार, ३० मार्च
सेमीफायनल. जादा वेळेत, २–१.

क्लब वेम्ब्लीला चाललाय. शंभर वर्षांत पहिल्यांदा. मॉरीन स्वयंपाकघरात नाचली, मग माझ्याकडे पाहून थांबली. म्हणाली, क्लिफ, रडायचं असेल तर रड. मी म्हणालो, कांद्याने. ती म्हणाली, आज कांदा चिरलाच नाहीये.

मंगळवार, २३ एप्रिल
फायनलसाठी सगळ्यांना क्लबतर्फे सूट. रंग चॉकलेटी, कॉलर गाढवाच्या कानाएवढी, आत नारिंगी शर्ट. मलाही माप द्यायला बोलावलं. शिसारी आली. म्हणालो, मी माझा राखाडी कोट घालीन, मला माणसात राहायचंय.

मुख्य बातमी. सिडची कंबर धरली. बॉसने बोलावून विचारलं, फायनलला बादली आणि स्पंज तू घेशील का? मी म्हणालो, मी खेळाडू आहे, विचार करून सांगतो. जिना उतरायच्या आत विचार झाला. हिशेब असा: बादलीवाला बेंचवर बसतो. मैदानात कुणी पडलं की बादलीवाल्याला आत पळावं लागतं. म्हणजे वेम्ब्लीची हिरवळ! आमच्या टीमला तर नुसता वारा लागला तरी लोळतात. मॅचभर आत-बाहेर करीन.

शनिवार, ४ मे
पोलीस चौकी, वेम्ब्ली. बाकावर बसून लिहितोय. क्रमाने लिहितो.

मॅच सुरू व्हायच्या आधी ॲल्बीने पुढचे दात काढून रुमालात बांधून माझ्याकडे दिले. त्याचे वरचे चार खोटे आहेत, एरवी सिड सांभाळतो. म्हणाला, क्लिफ, जिंकलो तर वर कप घ्यायला जाताना आठवणीने दे, राजघराण्यातल्या बाई येणारेत. म्हणालो, तू काळजीच करू नकोस. दात डाव्या खिशात ठेवले. ओले होते. असो.

सबंध मॅचमध्ये एकालाही लागलं नाही. एकालाही! ॲल्बीच्या डोक्यावर कोपर बसलं, मी बादली घेऊन उठलो, तर तो हात हलवतो, बस, बस. त्यांचा एक पडला, त्यांचा बादलीवाला पळाला. त्या बादलीवाल्याला हिरवळीवर बघून इतका राग आला की मी स्पंज पिळून पिळून कोरडा केला. जन्मात असा निरोगी खेळ पाहिला नाही. घाणेरडा प्रकार.

शेवटी शेवटी आमचा एक गोल. मग त्यांचा विंगर सुटला, एकटा, समोर फक्त पार्किन. मी ओरडलो, बाहेर! लाखभर लोकांच्या गोंगाटात त्याला काय ऐकू येणार. पण पोराने त्याला बाहेर नेलं. पावला पावलाने, लाइनपर्यंत, आणि चेंडू काढून घेतला. शिट्टी वाजली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी पळत होतो. बादलीसकट. हिरवळ गादीसारखी मऊ होती. मी पार्किनपर्यंत पोचलो, त्याला मिठी मारली, केसांसकट. तो म्हणाला, मिस्टर ॲक्रॉइड, बाहेर नेला! मी म्हणालो, पाहिलं रे, पाहिलं. मग कुणीतरी मागून काखेत हात घातले.

पोलीस. दोघे. म्हणाले, मैदानात घुसायला बंदी आहे. म्हणालो, मी कॅल्डरबेकचा माणूस. म्हणाले, त्यांचे सगळे चॉकलेटी सुटात आहेत, तुझा कुठाय? म्हणालो, मी शिवून घेतला नाही. म्हणाले, असं होय, आणि बादली कुठून चोरलीस आजोबा?

इथे चौकीत टीव्ही आहे. रंगीत. ॲल्बी पायऱ्या चढून वर गेला, बाईंच्या हातून कप घेतला आणि सगळ्या देशाकडे बघून हसला. डाव्या खिशात हात घातला तर दात.

रविवार, ५ मे
गावातून उघड्या बसवरून मिरवणूक. मॉरीन म्हणाली, जा की, बॉसने निरोप पाठवलाय. म्हणालो, त्या चॉकलेटी कळपात? मला ते सगळं बघूनच मळमळतं. दात पाकिटात घालून ॲल्बीकडे पाठवून दिले.

मग घरात बसवेना. टोपी खाली ओढून टाउन हॉलसमोर गर्दीत जाऊन उभा राहिलो. शेजारी एक म्हातारा, खुळखुळा फिरवून घामाघूम झालेला. माझ्याकडे त्याने नीट पाहिलंही नाही. बस आली. पुढे ॲल्बी, आता दातांसह. वर मागच्या बाजूला पार्किन, कप डोक्यावर घेऊन गर्दीत कुणाला तरी शोधत होता. आमच्या समोरून गेला. मी हात वर केला. सगळ्यांचेच हात वर होते.

म्हातारा म्हणाला, काय पोरगा आहे! याच्या आधी तो ॲक्रॉइड होता, आठवतो का? म्हटलं, हो, त्याच्या सगळ्या मॅचेस पाहिल्यात. म्हातारा म्हणाला, चांगला होता हो एकेकाळी. पण शेवटी शेवटी विंगर गेला की हा ऑफसाइड म्हणत हात वर करून लाइन्समनकडे बघत उभा. मी म्हणालो, पाय गेले होते त्याचे.

म्हातारा म्हणाला, कुणीतरी सांगायला हवं होतं त्याला.

मी म्हणालो, सांगितलं होतं.